बायोलॉजिक इंजेक्शन मिळत नसेल तर काय करायचं? कुटुंबासाठी सविस्तर माहिती

अम्मीचं इंजेक्शन परवा आहे. मुलगा चिठ्ठी घेऊन तीन मेडिकल फिरून आलाय. एक म्हणतो, "माल नाही." दुसरा म्हणतो, "कंपनीकडूनच येत नाही, पुढच्या आठवड्यात बघा." तिसरा भलत्याच कंपनीचं खोकं पुढे करून म्हणतो, "हे तेच आहे, घेऊन जा." घरी बोटं सुजलेली अम्मी विचारते, "मिळालं का रे?" अशी घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

हा लेख अशा घरांसाठी आहे. आम्ही डॉक्टर नाही. कोणतं औषध द्यायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टरांना काय विचारायचं, किती घाई करायची, कुठे शोधायचं आणि कशापासून लांब राहायचं, हे घरच्यांना माहीत असलं तर धावपळीत वाया जाणारे आठ-दहा दिवस वाचतात. या आजारांत तेवढे दिवसही महाग पडू शकतात.

पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. इंजेक्शन मिळालं नाही म्हणून गुपचूप बंद करू नका आणि मेडिकलवाल्याने दुसरं दिलं म्हणून गुपचूप बदलूही नका. दोन्ही वेळा आधी डॉक्टरांना फोन करा.

बायोलॉजिक म्हणजे काय?

साधी गोळी रसायनांपासून कारखान्यात बनते. बायोलॉजिक औषध जिवंत पेशींकडून बनवून घेतात. मोठ्या टाक्यांमध्ये पेशी वाढवायच्या, त्या पेशी एक ठरावीक प्रथिन तयार करतात, ते शुद्ध करायचं आणि इंजेक्शनमध्ये भरायचं, अशी ही पद्धत आहे. म्हणून ही औषधं महाग असतात, २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात आणि एखाद्या कारखान्यात अडचण आली की तुटवडा लवकर भरून निघत नाही.

आमवात म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिस, आतड्यांचे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, लहान मुलांचा संधिवात, काही कॅन्सर अशा अनेक आजारांत ही औषधं देतात. चिठ्ठीवर ॲडालिमुमॅब, एटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, रिटुक्सिमॅब, सेक्युकिनुमॅब यांपैकी एखादं नाव असतं. या लेखात मुख्यतः सांध्यांच्या आजारांबद्दल बोलू, कारण महिनोन्महिने घरच्या फ्रीजमध्ये इंजेक्शन ठेवणारी घरं यात जास्त आहेत.

२०२१ चा अनुभव

हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो ते आपण कोविडच्या दुसऱ्या लाटेत पाहिलं. टोसिलिझुमॅब हे मुळात आमवाताचं औषध आहे. रोश कंपनीचं ॲक्टेम्रा नावाचं इंजेक्शन आपल्याकडे सिप्लामार्फत विकलं जायचं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये गंभीर कोविड रुग्णांसाठी त्याची इतकी मागणी वाढली की बाजारात ते दिसेनासं झालं. रुग्णांचे नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत होते. त्या गर्दीत एक गट मागे राहिला. तो होता वर्षानुवर्षं दर चार आठवड्यांनी हेच औषध सलाईनमधून घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांचा. ऑगस्ट २०२१ मध्ये जगभरच तुटवडा असल्याचं रोशने मान्य केलं. सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या टोसिलिझुमॅबला प्रौढ कोविड रुग्णांसाठी आपत्कालीन परवानगी मिळाली.

त्या काळात ज्यांनी डॉक्टरांना लवकर गाठलं त्यांना दुसरं इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करून घेता आल्या. नुसती वाट पाहणाऱ्याचा आजार मात्र उसळायला मोकळा राहतो. सांध्याची सूज औषधाने उतरते, पण त्या सुजेत हाड झिजलं तर ते भरून येत नाही. म्हणून वाट पाहायची असली तरी ती डॉक्टरांना सांगून पाहायची.

आधी विचारा, नेमकं काय मिळत नाही?

"मिळत नाही" या दोन शब्दांत पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली: या दुकानात नाही. बायोलॉजिक महाग असतं, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून बहुतेक मेडिकलवाले ते ठेवतच नाहीत, मागणीप्रमाणे स्टॉकिस्टकडून मागवतात. अशा वेळी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या औषध दुकानात किंवा थेट स्टॉकिस्टकडे चौकशी केली की काम होतं.

दुसरी: तो प्रकार नाही. म्हणजे पेन संपलंय पण भरलेली सिरिंज आहे, किंवा ५० मिलिग्रॅमचं नाही पण २५ चं आहे. औषध तेच, कंपनी तीच. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली आणि टोचायची पद्धत नर्सने शिकवली की झालं.

तिसरी: तो ब्रँड नाही. औषध तेच, पण दुसऱ्या कंपन्यांचं उपलब्ध आहे.

चौथी: ते औषधच नाही. कुठल्याच कंपनीचं मिळत नाही. आता खरोखर वेगळं औषध शोधावं लागणार.

पाचवी: औषध आहे, पैसे नाहीत. हे सांगायला माणूस लाजतो आणि डॉक्टरांना "मिळालं नाही" म्हणून मोकळा होतो. तसं करू नका. डॉक्टरांना खरं कारण कळलं तरच ते परवडणारा पर्याय सुचवू शकतात.

दुकानातून निघण्याआधी मेडिकलवाल्याला एवढंच विचारा: "कंपनीने बंद केलंय का, की माल उशिरा येणार आहे? किती दिवस? दुसऱ्या प्रकारात आहे का?" उत्तर कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांना फोन करताना तेच लागणार आहे.

हातात किती दिवस आहेत?

घाबरून जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. ही औषधं शरीरातून हळूहळू कमी होतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. एटानरसेप्ट साधारण तीन-चार दिवसांत निम्मं होतं, म्हणून ते आठवड्याला घ्यावं लागतं. ॲडालिमुमॅब निम्मं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. सेक्युकिनुमॅबला जवळपास चार आठवडे लागतात. रिटुक्सिमॅबचा परिणाम तर अनेक महिने टिकतो, आमवातात ते सहसा सहा महिन्यांच्या अंतराने देतात.

म्हणजे ॲडालिमुमॅबला चार दिवस उशीर झाला तर लगेच आकाश कोसळत नाही. एटानरसेप्टचे दोन आठवडे चुकले तर मात्र बऱ्याच जणांना सकाळचा आखडलेपणा जाणवू लागतो. पण या दिवसांचा उपयोग शोधासाठी करायचा, निवांत बसायला नाही.

इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. हे सलाईनमधून देतात, सुरुवातीचे डोस झाल्यावर सहसा सहा ते आठ आठवड्यांनी. मोठा खंड पडला तर शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि पुन्हा सुरू करताना सलाईन चालू असतानाच ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो. म्हणून "मधे चार-पाच महिने मिळालं नव्हतं" हे पुढच्या डोसआधी डॉक्टरांना आणि नर्सला आठवणीने सांगा.

उशिरा मिळालेलं इंजेक्शन भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नका. पुढची तारीख कशी मोजायची तेही डॉक्टरांना विचारा.

पर्याय एक: तेच औषध, दुसरी कंपनी

मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्या तेच प्रथिन बनवतात. त्याला बायोसिमिलर म्हणतात. साध्या गोळीची जेनेरिक आवृत्ती हुबेहूब असते. जिवंत पेशींकडून बनवलेलं औषध अगदी तंतोतंत सारखं होणं शक्य नसतं, म्हणून ते मूळ औषधाइतकंच परिणामकारक आणि सुरक्षित आहे हे चाचण्यांतून दाखवावं लागतं. आपल्या देशात यासाठी सीडीएससीओ आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१२ मध्ये नियमावली आणली आणि २०१६ मध्ये ती सुधारली.

या बाबतीत भारत मागे नाही. डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबचं रेडिटक्स २००७ मध्येच आणलं. ॲडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये एक्झेम्प्टिया या नावाने भारतातच आणलं. आज ॲडालिमुमॅब, एटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब यांचे भारतीय कंपन्यांचे ब्रँड आहेत. त्यामुळे "ब्रँड मिळत नाही" या अडचणीतून बहुतेक वेळा इथेच वाट निघते.

"पण चालू असलेलं बदललं तर आजार वाढणार नाही ना?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. नॉर्वेत सरकारी खर्चाने याचा अभ्यास झाला. नॉर-स्विच नावाच्या या चाचणीत मूळ इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिर असलेले ४८२ रुग्ण होते. निम्म्यांचं मूळ औषध चालू ठेवलं, निम्म्यांना बायोसिमिलर दिलं. वर्षभरात आजार बळावण्याचं प्रमाण मूळ औषधात सुमारे २६ टक्के आणि बायोसिमिलरमध्ये सुमारे ३० टक्के होतं. चाचणी सुरू करताना जी मर्यादा ठरवली होती तिच्या आतच हा फरक होता. यावरून दोन गोष्टी कळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदल करता येतो. आणि औषध न बदलताही दर चौघांत एकाचा आजार वर्षभरात उसळतोच, त्यामुळे प्रत्येक दुखण्याचा दोष नव्या ब्रँडला देता येत नाही.

मनाचाही यात वाटा असतो. "हे स्वस्तातलं आहे, लागू पडणार नाही" असं घरात चार वेळा बोललं गेलं की रुग्णाला खरोखरच जास्त दुखू लागतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. म्हणून बदल झाला तर घरातल्या मोठ्यांनी रुग्णासमोर जपून बोलावं. त्रास झालाच तर तो लपवूही नये, तारीख टाकून लिहावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

आता मेडिकलवाल्याच्या "हे तेच आहे" या वाक्याबद्दल. ड्रग्ज रूल्स १९४५ प्रमाणे शेड्यूल एच मधल्या औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरीही. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि चालतील असे दोन-तीन ब्रँड लिहून घ्या. मग मेडिकलवाल्यालाही अडचण नाही आणि तुम्हालाही फेऱ्या नाहीत. ब्रँड बदलला की नाव आणि बॅच नंबर वहीत नोंदवा. आणि सारखे ब्रँड बदलत राहू नका. एक मिळतोय तर तोच चालू ठेवावा.

पर्याय दोन: वेगळं इंजेक्शन

औषधच मिळत नसेल तर डॉक्टर दुसऱ्या औषधाचा विचार करतात. इथे शेजारच्या खालाजानला जे लागू पडलं ते आपल्याला चालेलच असं नाही. कारण निवड आजारावर अवलंबून असते.

ॲडालिमुमॅब, एटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही तिन्ही टीएनएफ नावाच्या घटकाला अडवतात. आमवात आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दोन्हींत ती एकमेकांच्या जागी वापरता येतात. पण रुग्णाला क्रोन्सचा आजार असेल तर एटानरसेप्टचा उपयोग होत नाही. डोळ्यांत वारंवार सूज येत असेल, म्हणजे युव्हायटिस असेल, तरी ते सहसा टाळतात.

सेक्युकिनुमॅब स्पॉन्डिलायटिस आणि सोरायसिसमध्ये चांगलं काम करतं, पण क्रोन्सचा आजार त्याने वाढू शकतो. रिटुक्सिमॅब आणि टोसिलिझुमॅब आमवातात चालतात, स्पॉन्डिलायटिसमध्ये त्यांचा फायदा दिसलेला नाही.

म्हणून डॉक्टरांना सगळा इतिहास सांगणं गरजेचं आहे: डोळे लाल होऊन दुखले होते का, वारंवार जुलाब किंवा शौचातून रक्त, अंगावर चट्टे, घरात कुणाला टीबी, पूर्वीची कावीळ. तुम्हाला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींवर पर्याय ठरतो.

पर्याय तीन: गोळ्या

गोळ्यांचे दोन गट आहेत.

नव्या गटात टोफासिटिनिब आणि बॅरिसिटिनिब येतात. ही बायोलॉजिक नाहीत, फ्रीज लागत नाही, आणि टोफासिटिनिब अनेक भारतीय कंपन्या बनवत असल्याने ते मिळतं. पण ही साधी गोळी समजू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटावर हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सर यांच्या धोक्याचा कडक इशारा छापायला लावला. ज्या अभ्यासावरून हा इशारा आला त्यातले रुग्ण पन्नाशीच्या पुढचे आणि हृदयविकाराचा आधीच धोका असलेले होते. नागीण होण्याचं प्रमाणही वाढतं. तंबाखू, सिगरेट, शुगर, बीपी, पूर्वीचा हार्ट ॲटॅक यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

जुन्या गटात मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि लेफ्लुनोमाइड या गोळ्या आहेत. जुनं आणि स्वस्त म्हणजे कमी ताकदीचं असा समज असतो. आमवाताच्या ३५३ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसत्या मेथोट्रेक्सेटने पुरेसा आराम नव्हता, त्यांतल्या काहींना त्याच्या जोडीला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं, बाकीच्यांना एटानरसेप्ट. वर्षभराने तीन गोळ्यांचा गट इंजेक्शनच्या गटापेक्षा मागे नव्हता. हे सगळ्यांना लागू होतं असं नाही, स्पॉन्डिलायटिसच्या पाठदुखीत तर या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. पण आमवाताच्या रुग्णाने "इंजेक्शन नाही तर सगळं संपलं" असं समजू नये.

मेथोट्रेक्सेटबाबत एक इशारा. सांध्यांच्या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, आणि आजी-आजोबांची गोळी घरातल्या एकाने स्वतःच्या हाताने द्यावी.

लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलींसाठी महत्त्वाचं: मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भारपणात चालत नाहीत, टोफासिटिनिबही टाळतात. हा विषय सासू-सासऱ्यांसमोर काढता येत नसेल तर मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

बदल करण्याआधीच्या तपासण्या

नवं औषध सुरू होण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगतात. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो आणि आपल्या देशात असा टीबी अनेकांच्या अंगात असतो. कावीळ बी आणि सी ची तपासणीही लागते. रिटुक्सिमॅबआधी तर कावीळ बी बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. "आधीच्या औषधाला केली होती, आता परत कशाला?" असं म्हणून टाळू नका, जुना रिपोर्ट दाखवा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. फाईल नीट असेल तर तेच चार दिवस वाचतात.

काय करू नये

उरलेलं औषध पुरवण्यासाठी स्वतःहून डोस लांबवू नका. आजार शांत असताना डॉक्टर ठरवून अंतर वाढवतात, पण तो वेगळा निर्णय असतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. पूर्वीपासून चालू असतील तर एकदम बंदही करू नका. सांधेदुखीवर "देशी पुड्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत बरं वाटतं आणि वर्षभरात शुगर, हाडं, डोळे बिघडतात.

व्हॉट्सॲपवरून, ओळखीच्या ओळखीकडून, बिलाशिवाय इंजेक्शन घेऊ नका. तुटवडा आला की बनावट माल येतोच. जुलै २०२० मध्ये गुजरातमध्ये बनावट टोसिलिझुमॅब विकणारी टोळी पकडली गेली. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यांत दुसरंच औषध भरणाऱ्यांना अटक केली. म्हणून पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि कुपीवरचा बॅच नंबर एकच आहे का बघा, आणि रिकामी कुपी लेबल फाडूनच हॉस्पिटलच्या कचऱ्यात द्या.

फ्रीजच्या बाहेर आलेलं औषध विश्वासाने घेऊ नका. काही ब्रँड ठरावीक दिवस बाहेर चालतात, पण २५ अंशांच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात मालेगाव किंवा सोलापूरला घरातली खोलीही तेवढी थंड नसते. गोठलेलं इंजेक्शन तर टाकूनच द्यायचं. घरी ते फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाला टेकवू नका.

शोध, तक्रार आणि पैसा

शोधाचा क्रम असा ठेवा: नेहमीचा मेडिकल, स्टॉकिस्ट, डॉक्टरांच्या हॉस्पिटलचं औषध दुकान, कंपनीचा रुग्ण-सहाय्य क्रमांक, जवळचं मेडिकल कॉलेज. बऱ्याच कंपन्यांच्या सवलतीच्या योजना असतात, पण त्या डॉक्टरांमार्फत नोंदवाव्या लागतात, म्हणून त्यांनाच विचारा. काही सरकारी हॉस्पिटलांत एचएलएलची अमृत औषध दुकानं आहेत, तिथे महाग औषधं सवलतीत मिळतात.

औषध कुठेच मिळत नसेल तर तक्रार नोंदवा. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाची हेल्पलाईन १८०० १११ २५५ आहे, तिथे तुटवड्याचीही तक्रार घेतात. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. किंमत नियंत्रणातलं औषध कंपनीला बंद करायचं असेल तर २०१३ च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकार तिला वर्षभरापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. तक्रारी आल्या तरच प्रशासनाला तुटवडा दिसतो.

पैशांची अडचण असेल तर धर्मादाय हॉस्पिटलं लक्षात ठेवा. महाराष्ट्रात या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात आणि बिलाच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची असते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथून आधी विचारा. गावच्या बैतुलमालकडे किंवा जकात वाटणाऱ्या ट्रस्टकडे जायला लाजू नका. जाताना डॉक्टरांचं पत्र, महिन्याचा खर्च आणि किती महिने लागेल हे एका कागदावर न्या. एकदाच मोठी रक्कम मागण्यापेक्षा सहा महिन्यांचा डोस ठरवून मिळाला तर उपचार तुटत नाही.

आखातातून आणायचं का?

कोकणातल्या घराघरांत कुणीतरी दुबई, मस्कत किंवा रियाधला असतं. "चाचा येताना घेऊन येतील" हा विचार लगेच येतो. नियम माहीत असू द्या. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, सामानासोबत, एका औषधाचे जास्तीत जास्त १०० सरासरी डोस आणता येतात. रुग्ण इथे आणि आणणारा दुसरा असेल, किंवा कुरिअरने मागवायचं असेल, तर फॉर्म १२ ए भरून सीडीएससीओकडून १२ बी हा परवाना घ्यावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी त्यासोबत लागते. वाटेत थंडावा टिकला नाही तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून आइस पॅकची पेटी हातातल्या बॅगेत ठेवायची, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नाही.

हजला जाणाऱ्यांनीही आधी हिशेब करावा. साधारण ४० दिवसांच्या मुक्कामात पंधरवड्याच्या इंजेक्शनचे दोन-तीन डोस येतात. तिथे आपला ब्रँड मिळेल असं गृहीत धरू नका. डॉक्टरांचं पत्र, पुरेसे डोस आणि मुक्कामी फ्रीजची सोय हे निघण्याच्या दोन महिने आधी ठरवा.

रमजान आणि मनातले प्रश्न

इंजेक्शनऐवजी दिवसातून दोनदा घ्यायची गोळी सुरू झाली आणि रमजान जवळ असला तर वेळांचा प्रश्न येतो. सहरी आणि इफ्तारला घ्यायची की दिवसातून एकदा घ्यायचा प्रकार निवडायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारा. त्वचेखालच्या इंजेक्शनबद्दल, आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दाहच्या अधिवेशनात ठरवलं की पोषण देणारी सोडून इतर इंजेक्शनांनी रोजा तुटत नाही. तरी शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा किंवा इफ्तारनंतर टोचून घ्या. पण रोजासाठी डोस महिनाभर पुढे ढकलू नका.

औषध डुकरापासून बनतं का, असंही विचारलं जातं. ॲडालिमुमॅब, एटानरसेप्ट, टोसिलिझुमॅब आणि रिटुक्सिमॅब ही औषधं हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या पेशींच्या वाणातून बनतात. त्या पेशी डुकराच्या नसतात. शंका मनात ठेवून इंजेक्शन फ्रीजमध्ये पाडून ठेवण्यापेक्षा ती डॉक्टरांसमोर आणि आलिमांसमोर बोलून दाखवा.

फ्रीजच्या दारावर एक कागद

आजच हे काम करा. एका कागदावर लिहा: औषधाचं मूळ नाव, ब्रँड, डोस, मागची तारीख, पुढची तारीख. खाली डॉक्टरांनी सांगितलेले दोन पर्यायी ब्रँड. त्याखाली डॉक्टरांच्या क्लिनिकचा, मेडिकलचा आणि स्टॉकिस्टचा फोन. शेवटी टीबी आणि कावीळ तपासणीची तारीख. हा कागद फ्रीजच्या दारावर लावा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

पुढचं इंजेक्शन मागवायचं काम डोसच्या दोन आठवडे आधी करा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "हे मिळालं नाही तर आम्ही काय करायचं?" त्याचं उत्तर त्या कागदावर लिहून ठेवलेलं असलं की मेडिकलवाल्याने "माल नाही" म्हटल्यावर कुणाला कधी फोन करायचा हे घरात सगळ्यांना माहीत असेल.